फिलिपिन्समध्ये चर्च उभं कसं राहिलं: मूठभर मिशनरी, त्यांनी शिकलेल्या भाषा आणि गावातली माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश लोक १५६५ला कायमचे उतरले आणि पन्नास-साठ वर्षांत सखल भागातली बरीचशी वस्ती कॅथलिक झाली, तर हे तलवारीच्या जोरावर झालं का? तिथल्या जुन्या चर्चच्या इतिहासात साध्या धर्मप्रांतीय, म्हणजे थेट बिशपच्या हाताखालच्या, फादरांऐवजी ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे संन्यासी संघवालेच सगळीकडे का दिसतात? आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलाला कसे पोचले? स्पॅनिश काळातले मिशनरी कागद वाचणं आणि ते शिकवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर दोन टोकाचीच मतं फिरत असतात, सगळं जबरदस्तीने झालं असं एक आणि साधुपुरुषांनी प्रेमाने सगळं जिंकलं असं दुसरं, आणि दोन्हीकडे तिथल्या लोकांनी स्वतः काय केलं हे कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगतो. या चर्चच्या जवळपास प्रत्येक चांगल्या-वाईट गोष्टीमागे एकच कारण सापडतं, ते म्हणजे माणसांची टंचाई. १५९१ साली मनिलाच्या गव्हर्नरने जो हिशोब काढला त्यात स्पॅनिश खंडणीखाली ६ लाख ६७ हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी मिशनरी किती, तर १४०. म्हणजे एका फादरमागे पावणेपाच हजार लोक, तेही शेकडो बेटांवर, डोंगर-नद्यांच्या काठाने विखुरलेले, वेगवेगळ्या भाषा बोलणारे. हे गणित डोक्यात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप कळायला लागतं.

सुरुवात लोक १५२१ पासून करतात, मॅगेलनपासून. त्याने सेबूला राजा हुमाबोन, त्याची राणी आणि शेकडो लोकांना बाप्तिस्मा दिला, राणीला बाळ येशूची मूर्ती दिली. पण काही दिवसांतच मॅगेलन माक्तान बेटावर लढाईत मारला गेला आणि त्यानंतर त्याच हुमाबोनने उरलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना जेवायला बोलावून कापून काढलं. म्हणजे तो बाप्तिस्मा एका राजाने नव्या बलाढ्य मित्राशी केलेला करार होता, मित्र दुबळा निघाला आणि करार संपला. मूर्ती मात्र राहिली. ४४ वर्षांनी, म्हणजे १५६५ला, स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी याची माणसं सेबूत आली तेव्हा एका सैनिकाला ती एका घरात पेटीत जपून ठेवलेली सापडली, लोक तिला आपल्या इतर देवतांसारखं मानत होते. आज सेबूचा सांतो निन्यो म्हणून जी भक्ती चालते ती त्याच मूर्तीची.

लेगास्पीबरोबर ऑगस्टिनियन संघाचे पाच फादर होते. त्यातले आंद्रेस दे उर्दानेता हे संघात जायच्या आधी दर्यावर्दी होते आणि फिलिपिन्सकडून मेक्सिकोला परत जायचा सागरी मार्ग १५६५ मध्ये त्यांनीच शोधला. आधीच्या मोहिमांचे परतायचे प्रयत्न फसले होते. हा मार्ग सापडला नसता तर ना गॅलियन जहाजांचा व्यापार झाला असता ना दरवर्षी नवे मिशनरी पोचले असते, म्हणून मी या चर्चचा इतिहास शिकवताना त्या परतीच्या वाटेपासून सुरू करतो.

आणि सुरुवातीला ते धडाधड बाप्तिस्मे देत सुटले असं अजिबात नाही. १५७० पर्यंतच्या पहिल्या पाच वर्षांत फक्त शंभरेक बाप्तिस्मे झाले! कारण स्पेन इथे टिकणार की गाशा गुंडाळणार हेच नक्की नव्हतं, आणि बाप्तिस्मा देऊन माणसाला वाऱ्यावर सोडून जायचं हे त्या फादरांना पटत नव्हतं. मनिला १५७१ला ताब्यात आली, मग चित्र बदललं. फ्रान्सिस्कन १५७८ला आले, जेझुइट १५८१ला, डॉमिनिकन १५८७ला आणि ऑगस्टिनियनांचीच रेकोलेक्ट नावाची कडक शाखा १६०६ला. मिशनऱ्यांच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे १५८३ पर्यंत साधारण एक लाख आणि १६२२ पर्यंत पाच लाखांच्या आसपास बाप्तिस्मे झाले होते.

आता हे सगळं पैशाने कसं चालायचं ते बघा, कारण इथेच राजा आणि चर्च एकमेकांत गुंततात. १५०८ मध्ये पोपने स्पेनच्या राजाला अमेरिकेतल्या चर्चवर आश्रयदात्याचे हक्क दिले, तीच व्यवस्था इथे आली. बिशप कोण हे राजा सुचवणार, चर्च कुठे बांधायचं ते राजा ठरवणार, आणि बदल्यात मिशनऱ्यांचा प्रवास, मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, वाइन, दिव्याचं तेल आणि पोटापाण्याचा खर्च राजाकडून. दर ५०० खंडणीदारांमागे वर्षाला १०० पेसो आणि १०० फानेगा (धान्याचं जुनं स्पॅनिश माप) तांदूळ असा मिशनऱ्यांचा भत्ता ठरलेला होता. तो तांदूळ आणि तो पैसा शेवटी ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांच्याच खंडणीतून यायचा हे विसरून चालणार नाही. एक मिशनरी स्पेनहून निघाला की आधी अटलांटिक, मग मेक्सिको पायी-खेचरावर पार करून आकापुल्को, मग पॅसिफिक, मध्ये थांबत थांबत वर्ष-दोन वर्षं सहज जायची, कितीतरी जण वाटेत मेले, कितीतरी मेक्सिकोतच राहिले. त्यामुळे पोचलेला प्रत्येक माणूस मोलाचा.

तलवारीबद्दल सरळ उत्तर देतो. स्पॅनिश सैन्य आधी आलं, गावं जाळली गेली, खंडणी बसवली गेली, आणि त्या सत्तेच्या सावलीतच धर्मप्रसार झाला, हे नाकारणं खोटेपणा होईल. मिशनऱ्यांनी पूर्वजांच्या आणि देवतांच्या लाकडी मूर्ती जाळल्या, रविवारी मिस्साला न येणाऱ्यांना फटके मारले जायचे, हे त्यांच्याच लिखाणात आहे. पण त्याच लिखाणात दुसरीही गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑगस्टिनियन मार्तीन दे रादा यांनी १५७४ मध्ये लेखी मत दिलं की या बेटांपैकी एकही न्याय्य हक्काने स्पॅनिशांकडे आलेलं नाही आणि खंडणी लोकांना झेपणाऱ्या मापाच्या कितीतरी पट जास्त आहे. गव्हर्नरच्या तोंडावर, वसाहत जेमतेम उभी राहत असताना हे लिहिणं सोपं नव्हतं.

पुढे पहिले बिशप आले दोमिंगो दे सालासार, डॉमिनिकन, सलामांकाच्या विद्यापीठातून घडलेले, मेक्सिकोत वर्षानुवर्षं काढलेले. १५८१ला मनिलाला उतरल्याबरोबर त्यांनी गुलामांचा प्रश्न घेतला, राजाचा आदेश होता की स्पॅनिशांनी स्थानिक लोकांना गुलाम म्हणून ठेवायचं नाही आणि तो कुणी पाळत नव्हतं. १५८२ मध्ये त्यांनी मनिलात धर्मसभा बोलावली आणि तिथे जे ठरलं ते मुख्यतः कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांसाठी होतं: ज्या एन्कोमेन्देरोने, म्हणजे ज्या स्पॅनिशाला गावांची खंडणी गोळा करायचा हक्क दिलाय त्याने, लोकांकडून अन्यायाने उकळलंय त्याला ते परत केल्याशिवाय पापमुक्ती द्यायची नाही. विचार करा, त्या काळातल्या श्रद्धाळू स्पॅनिश माणसाला याहून मोठा धाक कुठला, कोर्ट तर त्याच्याच ओळखीच्या लोकांचं! सगळ्यांनी परत केलं का, तर नाही, बहुतेकांनी टाळाटाळच केली. पण सालासार थकले नाहीत, म्हातारपणी १५९१ला स्वतः स्पेनला गेले, राजापुढे भांडले आणि १५९४ला माद्रिदमध्येच वारले.

त्या भांडणाचं एक फळ म्हणजे स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने आदेश काढला की फिलिपिन्सच्या लोकांनी स्पेनचं राज्य आपखुशीने स्वीकारलं पाहिजे, तशी संमती घ्या. १५९९ मध्ये गावागावात लोकांना जमवून विचारलं गेलं. स्पॅनिश सैनिक आणि फादर समोर उभे असताना घेतलेली संमती किती खरी, हा प्रश्न रास्तच आहे, आणि माझ्या मते ती खरी संमती नव्हतीच. पण लागुना भागातल्या लोकांनी विचार करायला मुदत मागितली होती, आणि एवढ्या ताणात मुदत मागणारी माणसं मला फार धीराची वाटतात.

तर माणसं कमी आणि मुलुख मोठा, यावर उपाय म्हणून १५९४ मध्ये माद्रिदहून हुकूम आला की बेटं संघांमध्ये वाटून द्या, शक्यतो एकेक भाषा एकेका संघाला. इलोकोस आणि पाम्पांगा ऑगस्टिनियनांकडे, बिकोल फ्रान्सिस्कनांकडे, पांगासिनान आणि कागायान डॉमिनिकनांकडे, बिसाया बेटं ऑगस्टिनियन आणि जेझुइटांमध्ये वाटलेली, आणि मनिलाभोवतीचा तागालोग मुलुख सगळ्यांचाच. हे वाटप दिसायला कारकुनी वाटतं पण माझ्या मते त्या शतकातला हा सगळ्यात दूरगामी निर्णय, कारण आता एका फादरला आयुष्यभर एकच भाषा शिकायची होती आणि तो ती खरोखर शिकायचा.

भाषेवर थोडा जास्त थांबतो. फ्रान्सिस्कन हुआन दे प्लासेन्सिया यांनी तागालोगमध्ये धर्मशिक्षणाचा मजकूर तयार केला आणि १५८२च्या सभेने तो मान्य केला. त्यांनीच १५८९ मध्ये तागालोग लोकांच्या चालीरीतींवर, म्हणजे वारसा, कर्ज, लग्न, सरदार आणि रयत यांचे संबंध यावर टिपण लिहिलं आणि स्पॅनिश न्यायाधीश स्थानिक खटले सोडवताना ते वापरायला लागले. १५९३ मध्ये मनिलात लाकडी ठोकळ्यांवर कोरून दोक्त्रिना क्रिस्तियाना, म्हणजे धर्मशिक्षणाची पुस्तिका, छापली गेली, स्पॅनिश, रोमन अक्षरातलं तागालोग आणि तिथल्या बायबायिन लिपीतलं तागालोग असं तिन्ही एकत्र. छपाईचं काम चिनी कारागिरांचं. तिची एकच प्रत उरली आहे आणि ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

बायबायिन ही लिपी आपल्याच ब्राह्मीच्या कुळातली आहे, म्हणून मराठी माणसाला तिची एक अडचण पटकन कळेल. तिच्यात अक्षराचा पाय मोडायची सोय नव्हती. क लिहिलं की त्यात अ आलाच, नुसता क् लिहिता येत नाही, मग शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहायचंच नाही, वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. ऑगस्टिनियन फ्रान्सिस्को लोपेस यांनी १६२० च्या सुमाराला इलोकानो भाषेतली धर्मशिक्षणाची प्रत तयार करताना अक्षराखाली छोटा क्रॉस द्यायची युक्ती काढली, म्हणजे आपला हलन्तच. पण तिथल्या लोकांना ती रुचली नाही, आपली लिपी आहे तशीच बरी असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हळूहळू रोमन अक्षरांनीच सगळी जागा घेतली. दुसरीकडे तोमास पिन्पिन नावाच्या तागालोग मुद्रकाने १६१० मध्ये डॉमिनिकन ब्लांकास दे सान होसे यांचं तागालोग व्याकरण छापलं आणि त्याच साली स्वतःच्या लोकांना स्पॅनिश शिकता यावं म्हणून स्वतः एक पुस्तक लिहून छापलं. मला पिन्पिनबद्दल विशेष ओढ आहे, कारण शिकवणारे फक्त पांढरे झगेवाले होते हा समज तो एकटा मोडतो.

गोव्याशी तुलना इथे करायलाच हवी. साष्टीत फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ला छापलं गेलं, म्हणजे त्याच काळात इथेही मिशनरी लोकभाषेत लिहीत होते. पण पोर्तुगीज सत्तेने पुढे १६८४ मध्ये कोकणीवर बंदीचा हुकूम काढला. फिलिपिन्समध्ये उलटं घडलं, स्पेनचा राजा पुन्हा पुन्हा सांगत होता की लोकांना स्पॅनिश शिकवा आणि संघांचे फादर ते काम रेटतच नव्हते. त्यात लोकभाषेबद्दल आपुलकी होती आणि स्वार्थही होता, कारण भाषा फक्त फादरला येते म्हटल्यावर सरकार आणि गाव यांच्यामध्ये तोच एकटा दुवा राहतो. आणखी एक मोठा फरक, गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वरवंटा स्थानिक ख्रिस्ती लोकांवरही फिरला. स्पॅनिश मुलुखात तिथल्या मूळ रहिवाशांना इन्क्विझिशनच्या कक्षेबाहेर ठेवलं होतं. मनिलात मेक्सिकोच्या इन्क्विझिशनचा प्रतिनिधी होता, पण त्याचा अधिकार स्पॅनिश वगैरे लोकांपुरता. म्हणून गोव्याचा अनुभव जसाच्या तसा मनिलाला लावू नका ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता गावांकडे येऊ. स्पॅनिश येण्याआधी लोक बारांगाय नावाच्या छोट्या वस्त्यांमध्ये राहायचे, तीस ते शंभर घरं, एक दातू म्हणजे सरदार, घरं शेताजवळ नाहीतर नदीकाठी. एका फादरला अशा वस्त्या फिरणं शक्यच नव्हतं. म्हणून मेक्सिको-पेरूसारखं इथेही लोकांना मोठ्या गावात एकत्र आणायचं ठरलं, मध्ये चौक, चौकाला लागून चर्च, आणि सगळी वस्ती घंटेचा आवाज पोचेल एवढ्या अंतरात. कागदावर छान. पण लोक शेत सोडून यायला तयार नव्हते आणि ते बरोबरच होतं, भातशेती आणि नदी सोडून चौकात बसून खाणार काय? शेवटी तडजोड झाली. एक मुख्य गाव जिथे फादर राहतो आणि आजूबाजूला छोटी चॅपल्स जिथे तो अधूनमधून येतो. पुष्कळ लोकांनी मुख्य गावात एक घर बांधलं आणि ते फक्त रविवारी, पवित्र आठवड्यात आणि सणाला उघडायचं, बाकी दिवस आपल्या शेतावर. आजही फिलिपिन्समध्ये गावच्या संताचा फिएस्ता एवढा मोठा का असतो याचं एक कारण इथे आहे, विखुरलेल्या लोकांना मिरवणूक, रोषणाई, गाणं आणि जेवण यासाठी गावात यावंसं वाटायचं, आणि फादरला वर्षातून काही वेळा का होईना सगळे एकत्र भेटायचे.

मग रोजचं काम कोण करायचं? इथेच तिथल्या लोकांची गोष्ट सुरू होते. मिशनऱ्यांनी आधी सरदारांची मुलं हाताशी धरली, त्यांना मठातल्या शाळेत ठेवलं, जेझुइटांनी लेते बेटावर दुलागला अशी निवासी शाळा चालवली, आणि ती मुलं घरी जाऊन आईबापांना प्रार्थना शिकवायची. प्रत्येक चॅपलला फिस्कल नावाचा स्थानिक माणूस नेमलेला, तो लोकांना मिस्साला गोळा करायचा, कोण आजारी, कोणाचं मूल जन्मलं, कोण गुपचूप जुनी पूजा करतंय याची खबर ठेवायचा. गायक असायचे, त्यांना खंडणीतून सूट मिळायची. आणि भक्तमंडळं होती, कोफ्रादिया, ज्यांचे सभासद आजाऱ्याच्या घरी जायचे, त्याला बाप्तिस्म्याची तयारी करून द्यायचे आणि जुन्या पुजारणीला तिथे येऊ द्यायचे नाहीत. पाच हजारांमागे एक फादर असतानाही धर्म टिकला तो या लोकांमुळे. त्यातून श्रद्धेला स्थानिक वळण लागलं हेही ओघानेच आलं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने रोग बरा होतो ही समजूत सगळीकडे पसरली आणि मिशनऱ्यांच्या लिखाणात अशा बरं झालेल्यांच्या कहाण्या भरपूर आहेत, कितीतरी माणसं त्या आशेनेच चर्चच्या दारात आली. अंत्यसमयीचा रोगलेपन संस्कार मात्र बहुतेकांना मिळत नसे, फादर पोचेपर्यंत माणूस गेलेला असायचा.

या सगळ्यात ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्या म्हणजे जुन्या पुजारणी, बिसायामध्ये बाबायलान आणि तागालोगमध्ये कातालोनान. बहुतेक वयस्कर बायका, आजार बरा करणाऱ्या, पूर्वजांशी बोलणाऱ्या, गावात मान असलेल्या. मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं. त्यांच्या बाजूने लिहिलेलं एकही पान आपल्याकडे नाही, जे आहे ते त्यांच्या विरोधकांनी लिहिलेलं, म्हणून ते वाचताना फार जपून वाचावं लागतं. विरोध झालाच. १६२१-२२ मध्ये बोहोल बेटावर ताम्ब्लोत नावाच्या पुजाऱ्याने लोकांना सांगितलं की क्रॉस फेका, जुन्या देवांकडे या, पूर्वज मदतीला येतील, आणि हजारोंनी उठाव केला. लगेच शेजारच्या लेतेमध्ये बान्काव उठला. हा बान्काव १५६५ मध्ये लेगास्पीचं स्वागत करणारा, राजाकडून आभाराचं पत्र मिळालेला, तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेला सरदार. पन्नास-पंचावन्न वर्षं ख्रिस्ती म्हणून जगलेला म्हातारा माणूस शेवटी जुन्या देवांची वेदी उभारतो, यावरून पाच लाख बाप्तिस्मे या आकड्याच्या आत काय काय चाललं असेल ते कळतं. दोन्ही उठाव स्पॅनिशांनी सेबूचे आणि इतर स्थानिक ख्रिस्ती सैनिक घेऊन चिरडले.

आणि "सगळा देश" असं म्हणू नका. मिंदानाओ आणि सुलूचे मुसलमान कधीच या चर्चमध्ये आले नाहीत, उलट त्यांच्या छाप्यांमुळे बिसायाची किनाऱ्यावरची चर्चं किल्ल्यासारखी जाड भिंतींची बांधावी लागली. उत्तरेला कॉर्डिलेराच्या डोंगरातले लोकही शतकानुशतकं बाहेरच राहिले. बांधकामाबद्दल एवढंच, की मनिलाचं सान आगुस्तिन चर्च १५८७ ते १६०७ या काळात दगडात उभं राहिलं आणि इतके भूकंप झेलून अजून आहे, पण अशा चर्चांचे दगड वाहिले ते वेठीच्या माणसांनी, आणि ती वेठ लोकांना फार जड गेली.

मनिलातले चिनी हा खरं तर वेगळा मोठा विषय. डॉमिनिकनांनी त्यांच्यात काम केलं, हुआन कोबो यांनी चिनी शिकून चिनी नीतिवचनांचा स्पॅनिश अनुवाद केला, चिनी ख्रिस्ती लोकांसाठी १५९४ मध्ये बिनोन्दो वसवलं गेलं. तरी १६०३ मध्ये मनिलात चिन्यांची भयंकर कत्तल झालीच.

आता गोन्सालो गार्सिया. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, गोन्सालोंचा जन्म तिथे १५५६-५७च्या सुमाराला, वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. वसईतल्या जेझुइटांकडे वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, धर्मशिक्षक म्हणून काम केलं, जपानी उत्तम शिकले. जेझुइट संघात जायची इच्छा होती पण त्यांना घेतलं गेलं नाही. मग व्यापार केला, पैसा कमावला आणि फिरत फिरत मनिलाला आले. पोर्तुगालची गादी १५८० पासून स्पेनच्याच राजाकडे होती, पण दोन्ही साम्राज्यांचा कारभार आणि चर्चची आश्रयव्यवस्था वेगळीच ठेवलेली, त्यामुळे एका साम्राज्यातल्या चर्चचा माणूस दुसऱ्यात सामील होणं ही तशी वेगळी गोष्ट होती. मनिलात ते फ्रान्सिस्कनांकडे ब्रदर झाले. १५९३ला गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवलं तेव्हा बरोबर दुभाषे गोन्सालो, जपान आणि जपानी दोन्ही ओळखणारा त्यांच्यातला माणूस तोच.

जपानमध्ये फक्त जेझुइटांनी काम करावं असं पोपने १५८५ मध्ये ठरवलेलं होतं, त्यामुळे दोन संघांमध्ये कडाक्याचं वैर पेटलं. १५९६ मध्ये सान फेलिपे हे मनिलाहून निघालेलं गॅलियन जपानच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, आणि आधी मिशनरी पाठवून मग मुलुख जिंकायचा ही स्पेनची पद्धत आहे असं जहाजावरचा पायलट बोलून गेला असं सांगितलं जातं. तो खरंच तसं बोलला का यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे वर्षानुवर्षं एकमेकांवर आरोप करत राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती, आणि त्या सहात वसईचे गोन्सालो. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, वसईत गास गावी त्यांच्या नावाचं चर्च आहे. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटतं त्याचं कारण हे की दोन्ही साम्राज्यांच्या फटीत राहिलेला, मिश्र घरातला, आधी नाकारला गेलेला माणूस केवळ भाषेच्या बळावर सगळ्यांना हवा झाला.

राहिला प्रश्न की साधे धर्मप्रांतीय फादर का नव्हते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या मोठ्या परिषदेने १५६३ पर्यंत नियम पक्का केला होता की धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं, चालवणारा फादर बिशपच्या देखरेखीखाली हवा. पण त्याआधी १५२२ मध्ये पोपने संघांच्या लोकांना, जिथे बिशप नाही किंवा लांब आहे तिथे, धर्मग्राम चालवायची मोठी सूट दिली होती. ती सूट नव्या मुलुखासाठी, तात्पुरती. फिलिपिन्समध्ये ती तात्पुरती सोय तीनशे वर्षं टिकली. सालासारपासून प्रत्येक बिशप म्हणायचा की मी तुमच्या धर्मग्रामांची तपासणी करणार, आणि संघ म्हणायचे की मग हे घ्या सगळे धर्मग्राम परत, आम्ही मठात जाऊन बसतो. बिशपकडे त्यांच्या जागी पाठवायला माणसंच नसायची, तो गप्प बसायचा. शिवाय कितीतरी प्रांतांत फादर हा एकटाच स्पॅनिश माणूस, त्यामुळे गव्हर्नरलाही तोच हवा असायचा. पुढे मनिलाभोवती संघांच्या मोठ्या जमिनी झाल्या, कुळं आणि मठ यांचे तंटे वाढले, तो सगळा कडवटपणा याच न मोडणाऱ्या व्यवस्थेतून वाढत गेला.

यावर साधा उपाय होता, तिथल्याच मुलांना फादर करणं. इथे मला त्या मिशनऱ्यांचा खरोखर राग येतो. ज्यांनी तागालोग, बिसाया, इलोकानो एवढ्या मन लावून शिकल्या, त्यांनीच या लोकांमध्ये याजक व्हायची लायकी नाही असं पुन्हा पुन्हा लिहिलं. राजाने १६७७ मध्ये स्थानिकांना शिकवून तयार करा म्हणून आदेश दिला तोही टोलवला गेला. पहिले स्थानिक फादर सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस, म्हणजे लेगास्पी उतरल्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. लोक तयार नव्हते म्हणावं तर बिनोन्दोचे लोरेन्सो रुइस, चिनी बाप आणि फिलिपिनो आई, १६३७ मध्ये नागासाकीत श्रद्धेसाठी मेले, आणि चिनी बाप आणि तागालोग आई असलेल्या इग्नासिया देल एस्पिरितू सांतो यांनी १६८४ मध्ये मनिलात स्थानिक बायकांसाठी स्वतःचा भगिनी समुदाय सुरू केला, कारण स्पॅनिश कॉन्व्हेंटात त्यांना सिस्टर म्हणून जागा नव्हती. तो समुदाय आजही काम करतोय.

जेझुइटांना स्पेनच्या राजाने हाकललं आणि १७६८ मध्ये ते फिलिपिन्स सोडून गेले तेव्हा मनिलाच्या आर्चबिशपने घाईघाईने स्थानिक फादर तयार करून रिकामे धर्मग्राम भरले, शिक्षण अपुरं, आणि मग त्या अपुरेपणाचाच दाखला देऊन संघांनी पुढची शंभर वर्षं धर्मग्राम परत परत आपल्याकडे ओढले. स्थानिक फादरांच्या हक्कासाठी बोलणारे गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तिघांना १७ फेब्रुवारी १८७२ला मनिलात जाहीरपणे गळा आवळून मारलं आणि फिलिपिन्सचा राष्ट्रवाद बऱ्याच अंशी तिथून पेटला. स्पेन गेल्यावर १९०२ मध्ये रोमपासून वेगळं स्वतंत्र फिलिपिनो चर्च निघालं, आणि कॅथलिक चर्चमधले पहिले फिलिपिनो बिशप होर्हे बार्लिन यांचा अभिषेक झाला तो १९०६ मध्ये, बिकोलच्या त्याच नुएवा कासेरेस धर्मप्रांतासाठी जो १५९५ मध्ये स्थापन झाला होता.